उजव्या बाहीचं माप

पोर्ट हॅलमच्या बेसबॉल संघात कोण येणार हे वर्तमानपत्रांच्या आधी बर्निस कुझ्माला कळायचं, आणि तिच्याकडून ते कुणालाच कळायचं नाही. नवा खेळाडू घेतला की सामानघराचा प्रमुख तिच्या शिलाई मशिनपाशी एक चिठ्ठी ठेवून जायचा. चिठ्ठीवर आडनाव आणि आकडा. एक-दोन दिवसांत तो खेळाडू कॅमेऱ्यांसमोर जर्सी अंगात चढवायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि पाठीवरची अक्षरं कुणी बसवली हे कुणी विचारायचं नाही. एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. बर्निसची त्याबद्दल तक्रार नव्हती. कपडा नीट बसला की शिवणाऱ्याची आठवण कुणाला राहते?

तिची खोली प्रेक्षकांच्या सज्जाखाली, धुलाईखान्याला लागून होती. खिडकी नव्हती. जानेवारीत वर मैदानावर गुडघाभर बर्फ साचलेला असे, सरोवरावरून येणारा वारा रिकाम्या खुर्च्यांमधून घोंघावत असे, आणि खाली वाफेचे नळ खडखडत असत. इथे येण्याआधी ती एका दुकानात लग्नाचे झगे शिवायची. पोलादाचा कारखाना बंद पडला त्या वर्षी गावात लग्नंच होईनात, तेव्हा नवऱ्याने संघात शब्द टाकून तिला हे काम मिळवून दिलं. झग्यांच्या दुकानातून तिने एक हट्ट मात्र सोबत आणला: दुसऱ्याने घेतलेल्या मापावर ती कात्री चालवत नसे. जर्सीच्या कारखान्याकडून तयार कपडे यायचे, सोबत मापाचा कागद यायचा. बर्निस तो कागद बाजूला सारायची आणि खेळाडूला खाली बोलावून घ्यायची. गळा, छाती, खांदे, दोन्ही दंड, कोपराखाली दोन्ही हात. सगळं एका निळ्या वहीत उतरायचं.

चेंडू टाकणाऱ्यांच्या, म्हणजे पिचरांच्या बाबतीत तर ती फारच काटेकोर. थंडीत जर्सीच्या आत ते लांब बाह्यांचा सदरा घालतात, आणि टाकत्या हाताची बाही जराशी जरी आवळली तरी नव्या नवरीसारखे रुसतात. बरं, पिचरचा टाकता हात दुसऱ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जाड भरतोच. पोरवयापासून एकाच हाताने राबलेला माणूस, दुसरं काय होणार? हे कारखान्याच्या कागदाला कळत नाही, बर्निसला कळायचं.

मापासाठी खेळाडू गंजीवर उभे राहत. सुटलेली पोटं, टाक्यांचे व्रण, सोडून गेलेल्या बायकांची गोंदलेली नावं, सगळं तिने पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी जुन्या सामानवाल्याने तिला बजावलं होतं, "इथे दिसलं ते इथेच पुरायचं. शिंपिणीला डोळे हवेत, तोंड नको." बर्निसने ते इतकं मनावर घेतलं की तो तिचा धर्मच झाला. शेजारणी खोदून खोदून विचारायच्या, ती सुई ओवत राहायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि हा अभिमान जरा जास्तच होता असं माझं मत आहे.

त्या जानेवारीत आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: स्पायवी, ४१. ही चिठ्ठी मात्र बर्निसला आधीच ठाऊक होती, कारण ती तिच्या नवऱ्याच्या तोंडून निघालेली होती.

लेन कुझ्मा तरुणपणी स्वतः पिचर होता. तेविसाव्या वर्षी त्याचा खांदा गेला, आणि पुढची चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे खांदे पारखण्यात घालवली. गावोगाव हिंडायचं, खेळाडू हेरायचे, संघाला अहवाल धाडायचा. पण आता कचेरीत संगणकवाली मंडळी आली होती. गेल्या शरद ऋतूत त्यांनी लेनच्या जोडीच्या सहापैकी चार जणांना नारळ दिला. लेन राहिला तो कसाबसा, आणि पुढचा नंबर आपला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

रॉइस स्पायवीला घेऊ नका असं संगणकवाले म्हणत होते. मागच्या मोसमाचे शेवटचे दोन महिने तो खेळलाच नव्हता. हात थकलाय म्हणे. लेन मात्र डिसेंबरात तीन वेळा अलाबामाला गेला, एका शाळेच्या मैदानावर त्याला चेंडू टाकताना बघून आला आणि अहवालात त्याने लिहिलं, हात ठणठणीत. एवढ्यावर थांबला असता तर लेन कसला? संघाचा मुख्य व्यवस्थापक हॉवर्ड टीग याला तो भर बैठकीत म्हणाला, "हा माणूस चालला नाही तर त्याच्याबरोबर माझंही सामान बांधा."

"लक्षात ठेवीन हं मी हे, लेन," टीग हसून म्हणाला. लेनने हा किस्सा घरी येऊन रंगवून सांगितला. बर्निसला ते हसणं आवडलं नाही.

गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात बायका जमल्या. हिवाळाभर दर गुरुवारी जमून पिरोही करायच्या आणि शुक्रवारी चर्चसाठी विकायच्या, ही स्लोव्हाक बायकांची आजीपणजीपासूनची रीत. बटाटा-चीजचं सारण भरायचं, कडेला मुरड घालायची आणि जगाची मापं काढायची. त्यात ऑल्गा हुडाकचा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा.

"सोपं गणित आहे गं," ऑल्गा पीठ थापटत म्हणाली. "आपल्या गटात पाच संघ. गेल्या साली आपण चौथे. पहिल्यांचे दोन पिचर यंदा सोडून गेले, संपलेच ते. दुसरे सगळे म्हातारे झालेत, त्यांना गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यासुद्धा पुरायच्या नाहीत. तिसऱ्यांचं काही सांगता येत नाही, त्यांच्या त्यांनाही येत नाही. पाचवे बिचारे पाचवेच येणार, त्यांना दुसरं काही जमतच नाही. आपल्याकडे मारायला गस लिंडर आहे. टाकायला माणूस नव्हता. तो तुझ्या लेनने आणला! ऑक्टोबरात मी आमच्या ह्यांच्या थडग्यावर जाऊन सांगणार आहे, बाबा रे, आपण पहिले आलो, दोन वर्षं कळ काढली असतीस तर बघायला मिळालं असतं."

"ऐकलं तर उठून येतील गं ते तिकीट मागायला," कुणीतरी म्हणालं.

"येऊ देत. म्हणावं रांगेत उभे राहा!"

सगळ्या हसल्या. ऑल्गाने बर्निसला कोपर मारलं. "तू का गप्प? चिठ्ठी आली ना?"

"मला काय माहीत? मी सुई ओवते."

"आली गं आली! तोंड बघा तिचं!" मग ऑल्गाने पिठाच्या हातानेच छातीवर क्रूस काढला. "फक्त त्याचा हात टिकू दे."

या बायकांनी एकामागून एक भट्ट्या विझताना पाहिल्या होत्या. चांगली बातमी आली की त्यांना आधी धास्तीच वाटायची.

शुक्रवारी सकाळी नऊला रॉइस स्पायवी खाली आला. पहिल्यांदा या खोलीत आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. चार वर्षं इथे खेळून दुसऱ्या संघात गेला, आणि आता तेहेतिसाव्या वर्षी परत येत होता. दारातून वाकून आत येत तो म्हणाला, "मिस बर्निस, खोली लहान झाली की मी मोठा झालो?"

"तूच वाढलास. पण पोट नाही सुटलं, देवाची कृपा. उभा राहा सरळ."

गळा झाला, छाती झाली. डावा हात कोपराखाली पावणेतेरा इंच. तिने उजव्याला, टाकत्या हाताला, टेप गुंडाळली. बारा. टेप सरकली असेल म्हणून पुन्हा घेतली. बारा. तिसऱ्यांदा तिने चष्मा पुसून घेतली तरी बाराच. निळ्या वहीतलं जुनं पान तिने उघडलं. तिथे तिच्याच अक्षरात होतं: डावा साडेबारा, उजवा सव्वातेरा.

एकतीस वर्षांत तिने शेकडो पिचरांचे हात मापले होते. टाकता हात दुसऱ्यापेक्षा बारीक भरलेला तिने एकदाही पाहिला नव्हता.

"मूठ वळ, रॉइस."

त्याने मूठ वळली. करंगळी नीट आत आली नाही, बाजूला उघडीच राहिली. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटामधलं मांस बसलं होतं, तिथे खळगा पडला होता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला शिकवू नकोस."

रॉइस भिंतीकडे बघत म्हणाला, "ऑगस्टपासून. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मुंग्या येतात, मग बधिर होतात. पण चाळीसेक चेंडू टाकल्यावर. त्याच्या आत काही होत नाही, मिस बर्निस. वेग पहिल्याइतकाच आहे. डॉक्टरांनी दोन तास तपासलं. खांद्याचे फोटो, कोपराचे फोटो. सगळं जागच्या जागी."

"बोटांचं सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी विचारलं, दुखतंय का. दुखत नाही. मी खोटं नाही बोललो."

"आणि बोटं बधिर असताना चेंडू कुठे जाईल हे कळतं तुला?"

"शंभरात नव्व्याण्णव वेळा कळतं."

बर्निसच्या हातातली टेप तशीच लोंबत राहिली. ताशी पंच्याण्णव मैलांनी सुटलेला तो शंभरावा चेंडू कुणाच्या तरी तोंडापुढून जाणार होता, किंवा जाणार नव्हता. हे दोघांनाही कळत होतं.

"लेनला ठाऊक आहे?"

"नाही. लेन माझ्यासाठी भांडला. तुम्ही हे लिहिलंत तर आधी त्याचं जाईल, मग माझं." तो धमकी देत नव्हता, केविलवाणा होऊन सांगत होता, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. "जुनंच माप लिहा ना. एकच मोसम मागतोय मी."

वर जिन्यात कॅमेरावाल्यांचे बूट वाजायला लागले होते. बर्निसने पेन उचललं आणि उजव्या हातापुढे लिहिलं, सव्वातेरा. मग सदऱ्याच्या उजव्या बाहीला आतून दुहेरी अस्तर घातलं, म्हणजे हात भरल्यासारखा दिसावा. त्या वहीतलं ते पहिलं खोटं माप.

तिने ते नवऱ्यासाठी केलं असं पुढे लोक म्हणाले. ते अर्धंच खरं. तोंड न उघडण्याची तिला इतक्या वर्षांची सवय झाली होती की ते उघडायची वेळ आली तेव्हा ते उघडलंच नाही.

दुपारी रॉइसने जर्सी घातली. टीगने लेनला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो निघाले. संध्याकाळी लेन घरी आला तेव्हा बर्निस कोबीचं सूप ढवळत होती.

"कसा वाटला तुला रॉइस?"

"बरा आहे."

लेन कोट न काढता दारातच उभा राहिला. "माप-बीप सगळं नीट?"

"झालं की. बस जेवायला."

लेनने मोठा श्वास सोडला, कोट काढला आणि दोन वाडगे सूप प्यायला. इतका खुशीत तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

फेब्रुवारीत सरोवर गोठलं. दिवसाउजेडी बर्फ तडकायचा तेव्हा लांबवर दरवाजा आपटल्यासारखा आवाज यायचा, आणि बर्निस मशिनवरचा पाय उचलायची. वर्तमानपत्राने आपल्या सहा खेळ-पत्रकारांना विचारलं, यंदा गटात पहिलं कोण? पाच जणांनी पोर्ट हॅलमचं नाव दिलं. खाटीक लेनकडून सॉसेजचे पैसे घेईना. पाद्रीबाबांनी प्रवचनात रॉइसचा उल्लेख केला, म्हणजे हद्द झाली. प्रत्येक अभिनंदनासरशी बर्निसला वाटे, आता हे जिना चढताहेत, आणि वरच्या पायऱ्या मी काढून ठेवल्यात.

सांगायचा तिने प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा गाडीत ती म्हणाली, "लेन, तो रॉइस..." लेन लगेच म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं, बर्नी. संगणकाचं नाही, माझं." मग ती म्हणाली, "गल्ली आली, वळ." दुसऱ्यांदा तो फ्लोरिडासाठी नवी टोपी घेऊन आला आणि आरशासमोर उभा राहिला. टोपी घातलेल्या माणसाला असलं काही सांगणं तिला जमलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी संघ सरावासाठी फ्लोरिडाला गेला. बर्निस दरवर्षीप्रमाणे मशीन घेऊन गेली. मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत तिचं टेबल लागलं. गस लिंडरची बायको नीना तिथे येऊन बसायची. तिला आपल्या तीन वर्षांच्या लेकीसाठी बापाच्या आकड्याची जर्सी हवी होती, आणि ती स्वतः शिवायची होती. शिवण वाकडी गेली की नीना म्हणायची, "बर्निस, उसवून द्या ना." बर्निस म्हणायची, "उसवायलासुद्धा शिकावं लागतं, बाई." तिला ती मुलगी फार आवडली होती.

चौथ्या दिवशी दुपारी, नीना नसताना, रॉइस आला. हातात जर्सी होती.

"मिस बर्निस, ही बटणं. मला सगळ्यांसमोर लावता येत नाहीत. वेळ लागतो. पोरं बघतात."

तिने काही न बोलता जर्सी घेतली. आतून टिचबटणं बसवली आणि वर दिसायला खोटी बटणं शिवून दिली. काम सुबक झालं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. रॉइस गेल्यावर तिने सुईदोरा आवरून ठेवला. आधी बाही झाकली, आता बटणं. पुढे काय झाकायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, भाड्याच्या घरातल्या छोट्या टेबलापाशी, अंड्यांना हात न लावता तिने लेनला सगळं सांगितलं. बारा इंच, करंगळी, चाळीस चेंडू, अस्तर, टिचबटणं. लेन उठेल, ओरडेल, टेबलावर मूठ आपटेल असं तिला वाटत होतं. तो काटा हातात धरून बसून राहिला.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

"अलाबामात तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा त्याने डाव्या हाताने दार उघडलं. डाव्या हाताने कॉफी, डाव्या हाताने गाडीची किल्ली. मी म्हटलं, जपत असेल. पिचर जपतात." त्याने काटा खाली ठेवला. "मग म्हटलं, बर्नी माप घेणारच आहे. काही असलं तर तिला सापडेल, ती मला सांगेल. शुक्रवारी मी तुला दोनदा विचारलं. तू म्हणालीस, बरा आहे. त्या दिवशी मी सुखाने जेवलो."

"तुला शंका होती तर बोलला का नाहीस?"

"आणि तुझी खात्री होती तर तू?"

अडतीस वर्षांचा संसार. त्यात एकमेकांपासून लपवावं असं काही नाही, असं दोघंही लोकांना सांगत आले होते.

"टीगला सांगू," लेन शेवटी म्हणाला. "मी सांगतो. आज सराव संपला की."

"आत्ता सांग. दहाला तो फलंदाजांना टाकणार आहे. पहिल्यांदाच."

"आज तीसच चेंडू टाकायचेत त्याला. तीस. चाळिशीच्या आत काही होत नाही, असं त्यानेच सांगितलं ना तुला?" लेनने घड्याळ बघितलं. "टीग अकराला येतो. त्याच्या कचेरीत जाऊन नीट सांगतो, मैदानावर तमाशा नको. एवढा एक सराव मला बघू दे, बर्नी."

बर्निसला ते पटलं. ज्याला पटवूनच घ्यायचं असतं त्याला काहीही पटतं.

दहा वाजता ती दोघं जाळीमागे बसली. ऊन छान होतं. काही म्हातारे प्रेक्षक खुर्च्या घेऊन आले होते. रॉइसने पहिले दहा चेंडू टाकले तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. बर्निस चेंडू मोजत होती. ओठ न हलवता, जपमाळ ओढल्यासारखी. बाविसाव्यानंतर गस लिंडर बॅट घेऊन उभा राहिला. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसरा लांब मारला आणि रॉइसकडे बघून हसला. रॉइसही हसला. मग रॉइसने उजवा हात मांडीवर दोनदा घासला.

"लेन," बर्निस म्हणाली.

"चोवीस झाले. सहा राहिले."

"त्याने हात घासला. लेन, ऊठ."

लेन उठला. खरोखरच उठला तो, आणि जाळीला हात लावून त्याने तोंडही उघडलं. पंचविसावा चेंडू तोवर सुटला होता. तो गसच्या डोक्याच्या मागे जाणार असल्यासारखा आत वळला, गस मागे झुकला आणि नेमका त्याच्या वाटेत गेला. डाव्या डोळ्याखाली आवाज झाला. बॅट आधी पडली, मग गस.

सगळे धावले. एकटा रॉइस चेंडू टाकायच्या उंचवट्यावर उभा होता, आणि तो गसकडे बघतही नव्हता. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, बोटं मिटत होता, उघडत होता.

दुपारी तीनच्या सुमारास रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गालाचं हाड तीन ठिकाणी मोडलंय. डोळ्याचं दोन-तीन दिवस काही सांगता यायचं नाही. टीग येऊन गेला. त्याने लेनची पाठ थोपटली. "चेंडू निसटतो. कुणाचाही निसटतो. रॉइसला म्हणावं खचू नकोस, पाच दिवसांनी पुन्हा टाकायचंय." लेन "हो" म्हणाला. फक्त "हो". टीग लिफ्टमध्ये शिरला आणि दार बंद झालं.

संघातल्या प्रत्येकाने तेच म्हटलं होतं. निसटला. होतं असं. वाईट झालं. कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारणारही नव्हतं. फोटो काढले असते तर रॉइसच्या कोपरात पुन्हा सगळं जागच्या जागीच दिसलं असतं. बर्निसला ते लख्ख कळलं: गप्प बसलं तर हे कायमचं मिटलं. पाच दिवसांनी दुसरा कुणीतरी बॅट घेऊन उभा राहील, एवढंच.

खोलीतून नीना बाहेर आली आणि तिच्या शेजारी बाकावर बसली. रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने बर्निसचे दोन्ही हात हातात घेतले.

"शुद्धीवर आलाय. बोलतोय थोडंथोडं. बर्निस, तुम्ही रॉइसला भेटाल ना? तो माझ्यासमोर यायला धजत नाहीये. त्याला सांगा, गसने निरोप दिलाय, मनाला लावून घेऊ नकोस. यात कुणाचाच दोष नाही."

लेन समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. टोपी हातात होती. त्याने बर्निसकडे बघून मान हलवली. नको.

"आहे," बर्निस म्हणाली.

"काय?"

"दोष आहे. त्याचा हात गेलाय हे मला जानेवारीपासून माहीत होतं."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही, स्वतःला वगळलं नाही आणि लेनलाही वगळलं नाही. बारा इंचांवर सव्वातेरा लिहिलं ते. बाहीचं अस्तर. खोटी बटणं. सकाळचं टेबल आणि तीस चेंडूंचा हिशेब. सांगता सांगता तिला जाणवलं की नीनाचे हात तिच्या हातांत आता नाहीत. ते केव्हा काढून घेतले गेले हे तिला कळलंच नव्हतं.

"आज सकाळी?" नीनाने विचारलं. "आज सकाळीसुद्धा?"

"आठ वाजता."

"मी साडेनऊला तुमच्याकडे आले होते. दोरा मागायला."

"हो."

नीना उठली. ती ओरडेल, मारेल, काहीतरी करेल म्हणून बर्निस वाट बघत होती. ते तिला हवंही होतं. नीना खोलीच्या दारापर्यंत गेली, तिने दार ढकललं आणि तसंच उघडं धरून ठेवलं. आतून औषधांचा वास आला, आणि गसने कोण आलंय म्हणून क्षीण आवाजात विचारलं.

"या," नीना म्हणाली. "त्याला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."